बुश कोणता घालू, काका?

मंडळी, गेल्या वर्षी या पानावर आपण कुकरच्या गॅस्केटबद्दल बोललो होतो. त्यानंतर चार-पाच घरांतून मला जुनी गॅस्केटं तपासायला आणून दिली गेली, त्यातलं एक तर चक्क चकलीच्या डब्यातून. यंदाही विषय रबराचाच आहे, फक्त स्वयंपाकघरातून खाली पार्किंगमध्ये जायचं आहे.

प्रश्न दस्मानहून आला. दस्मान म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना डायबिटीस इन्स्टिट्यूट आठवते आणि उरलेल्यांना कुवेत टॉवर्स. तिथं मंडळातलीच एक मुलगी राहते. मुलगी म्हणतो, पण बाईसाहेब आता चाळिशीला आल्या आहेत. तिच्या वडिलांची १९८४ ची मर्सिडीज २३०ई तिच्याकडे आली आहे. वडील येत्या मार्चमध्ये कायमचे पुण्याला परतणार. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, आणि तोवर दर शुक्रवारी त्यांना त्यांच्याच गाडीतून गल्फ रोडवर फिरवून आणायचं असं तिनं ठरवलंय. पण गाडी आता खडखडते, ब्रेक दाबला की नाक डावीकडे वळवते, आणि प्रत्येक गतिरोधकावर वडील दाराच्या वरचं हँडल घट्ट धरतात. शुवैख सनाय्यातल्या गॅरेजवाल्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि सांगितलं, सगळे बुश गेलेत. रबराचे घालू नका, पॉलीयुरेथेनचे घाला, जन्मभर बघायला नको. तिनं मला फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: बुश कोणता घालू, काका?

उत्तर तिला फोनवर दिलं आहे. पण मंडळात जुन्या गाड्या सांभाळणारी बरीच घरं आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणांसकट इथे लिहितो.

आधी बुश म्हणजे काय ते पाहू. चाक ज्या लोखंडी हातांना जोडलेलं असतं, त्यांना गॅरेजात आर्म म्हणतात. चाक खालीवर होताना हा आर्म एका टोकाशी बिजागरीसारखा फिरतो. त्या बिजागरीत जे बसतं ते बुश. फार जुन्या गाड्यांत ते पितळेचं किंवा ब्राँझचं असे आणि त्यात सतत ग्रीस भरावं लागे. कुवेतमध्ये आलेली पहिली मोटार म्हणून जी सांगितली जाते, ती बेल्जियमची मिनर्व्हा, १९१२ च्या सुमाराची. शेख मुबारक यांना ती भेट दिली होती मुंबईत राहणाऱ्या कासीम अल-इब्राहीम या व्यापाऱ्यानं. म्हणजे कुवेतच्या मोटारींचं आणि आपल्या मुंबईचं नातं पहिल्या गाडीपासूनचं आहे! त्या काळच्या गाड्यांना कमानपाट्यांच्या पिनांत ग्रीस घालायला वेगळा नोकर लागायचा. चुकवलं की पिना झिजायच्या आणि गाडी बैलगाडीसारखी कुरकुरायची.

मग १९२० च्या दशकात युरोपातल्या कारागिरांनी एक सुंदर युक्ती काढली. दोन लोखंडी नळ्या घ्यायच्या, एक मोठी, एक लहान. लहान नळी मोठीत ठेवायची आणि मधल्या पोकळीत रबर घट्ट बसवायचं किंवा दोन्ही नळ्यांना चिकटवून टाकायचं. आतली नळी बोल्टनं गाडीच्या सांगाड्याला आवळायची, बाहेरची आर्ममध्ये ठोकून बसवायची. आर्म फिरला की काहीच कशावर घासत नाही, फक्त मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. ओला टॉवेल थोडासा पिळून सोडावा तसं. ग्रीस नको, आवाज नाही. म्हणूनच आपले मिस्त्री त्याला अजून सायलेंट ब्लॉक म्हणतात.

ही पिळण्याची गोष्ट लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद तिच्यावर आहे.

रबराचं दुसरं काम अधिक नाजूक आहे. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा ते नुसतं वर जात नाही, क्षणभर मागेही ढकललं जातं, काही मिलिमीटर. हा धक्का रबर गिळून टाकतं. रेडियल टायर आले तेव्हा बारीक खडबडीचा हादरा वाढला, आणि तो मुरवण्यासाठी इंजिनिअरांनी बुशच्या आत मुद्दाम पोकळ्या ठेवायला सुरुवात केली: एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला कडक. तेव्हा बुश म्हणजे नुसती भर नव्हे. तो स्प्रिंगइतकाच हिशोबानं केलेला भाग आहे. डब्ल्यू १२३ ही मालिका (१९७६ ते १९८६, जवळजवळ सत्तावीस लाख गाड्या) ज्या मऊ, स्थिर चालीसाठी आखाती देशांत टिकून राहिली, त्या चालीतला मोठा वाटा या रबराचा. तिच्या मागच्या चाकांचे आर्म ज्या आडव्या चौकटीला लागतात, ती चौकटसुद्धा जाडजूड रबरावरच बॉडीला टांगलेली आहे.

आता रबराची बाजू आणि रबराची खोड, दोन्ही सांगतो. माझं अर्धं आयुष्य याच्यातच गेलं, त्यामुळे थोडं सहन करा.

झाडाचा चीक हा मूळचा चिकट, उन्हात पाघळणारा पदार्थ. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये त्यात गंधक घालून तापवलं आणि त्याचं रबर झालं. रेणूंच्या लांब साखळ्या गंधकाच्या गाठींनी एकमेकींना बांधल्या गेल्या. (ही झाडं आता आपल्या सिंधुदुर्गातही आहेत. दोडामार्गला गेलात तर केरळहून आलेल्या बागायतदारांच्या रबराच्या बागा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील.) नैसर्गिक रबराचा एक गुण इतर कुठल्याही पदार्थाला सहज जमत नाही. ते खूप ताणलं की ताणलेल्या जागी साखळ्या एका ओळीत येतात आणि तेवढ्यापुरत्या स्फटिकासारख्या घट्ट होतात. एखादी बारीक चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त, म्हणून तिथंच रबर सर्वांत घट्ट होतं आणि चीर अडते. लाखो वेळा पिळलं जाणाऱ्या वस्तूला याहून चांगलं काय हवं?

खोड अशी, की ऑक्सिजन, ओझोन, उष्णता आणि तेल हे चारही त्याचे वैरी. ओझोन ताणलेल्या रबराला आडव्या चिरा पाडतो. कारखान्यात त्यावर उपाय म्हणून मेण आणि संरक्षक रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर करतात आणि वर्षानुवर्षं खर्ची पडत जातात. इंजिनातलं तेल किंवा स्टिअरिंगचं तेल ठिबकत राहिलं तर रबर चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगतं. आणि उष्णतेचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांनी रबर म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पुण्याच्या तीस अंशांच्या जागी आपल्याकडचे पन्नास धरा. दुपटीची दुप्पट, म्हणजे चौपट. आपलं पन्नास ही काही अतिशयोक्ती नाही. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाला ५३.९ अंश नोंदले गेले आहेत, तेही सावलीतल्या हवेचे. गाडीखालच्या डांबराचं तापमान मी सांगत नाही, ज्यांनी जुलैत चपला मशिदीबाहेर किंवा समुद्रावर काढून ठेवल्या आहेत त्यांना ते माहीत आहे.

एवढं ऐकल्यावर गॅरेजवाल्याचं म्हणणं पटतंच. पॉलीयुरेथेन १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते झिजत नाही, तेलानं फुगत नाही, ओझोनला दाद देत नाही. रंगही छान येतात, लाल, निळा, पिवळा. तरुण मुलांना तो रंगच आधी आवडतो! मग हरकत कसली?

हरकत पदार्थाला नाही. तो ज्या रीतीनं बसवला जातो तिला आहे. बाजारात मिळणारे बहुतेक पॉली बुश लोखंडाला चिकटवलेले नसतात. दोन टोप्यांसारखे अर्धे भाग दोन्ही बाजूंनी आर्ममध्ये दाबायचे आणि मधून लोखंडी नळी घालायची. म्हणजे आर्म फिरला की पॉली पिळलं जात नाही, नळीवर घासत फिरतं. मघाची पिळण्याची गोष्ट इथे कामाला येते. आपण शंभर वर्षं मागे, ग्रीस लागणाऱ्या पिनेकडे परत गेलो! हे ग्रीससुद्धा साधं चालत नाही, चिवट सिलिकॉनचं लागतं. ते संपलं की कुरकुर सुरू. आणि कुवेतमध्ये ते नुसतं संपत नाही. एकदा धुळीचं वादळ येऊन गेलं की त्या फटीत वाळू शिरते, आणि ग्रीस अधिक वाळू म्हणजे पॉलिश पेपर. पॉली टिकतं, नळी खरवडली जाते.

दुसरी हरकत कडकपणाची. रबराची कडकाई शोअर ए नावाच्या मापानं मोजतात. मूळ बुश साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतात, पॉलीचे ८० ते ९५. आकडे जवळ वाटतात, पण हे माप फसवं आहे, वरच्या टोकाला थोड्या आकड्यांत फार फरक पडतो. जो धक्का रबर गिळत होतं तो आता बॉडीत जातो, आणि बॉडीतून सीटमध्ये. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस त्या सीटवर बसणार आहे.

तिसरी हरकत फार कमी मिस्त्री सांगतात. काही बिजागऱ्या फिरतातही आणि वाकड्याही होतात. तुमच्यापैकी काहींकडे जुनी शेव्हरोले कॅप्रिस असेल. तिच्या मागच्या ॲक्सलला चार दांडे आहेत आणि त्यातले वरचे दोन तिरपे बसवलेले. गाडी एका बाजूला झुकली की ते बुश आडवे मुरगळायलाच हवेत. रबर मुरगळतं, पॉली अडून बसतं. मग जे वाकायचं ते दुसरं काहीतरी वाकतं: ज्या पत्र्याला तो दांडा जोडलाय, त्याला हळूहळू चीर जाते. बुश बदलायला दोन तास लागतात. बॉडीच्या पत्र्याला वेल्डिंग करायला गाडी किती दिवस अडकते ते सनाय्यात ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा.

हल्लीच्या चांगल्या पॉलीबद्दल वाईट बोलायचं नाही मला, पण त्याच्याही दोन जाती आहेत. एक जात दमट उष्ण हवेत पाण्याच्या वाफेनं आतून तुटत जाते, काही वर्षांनी बोटानं भुगा होतो. दुसरी पाण्याला टिकते. डबीवर बहुधा दोन्ही एकाच नावानं येतात. दस्मान समुद्राला लागून आहे, ऑगस्ट-सप्टेंबरात गाडीच्या काचेवर बाहेरून दव धरतं. विकत घेताना जात विचारा, उत्तर आलं नाही तर घेऊ नका. डेलरिन, नायलॉन किंवा नुसत्या लोखंडी गोळ्याच्या बिजागऱ्या हे शर्यतीच्या गाड्यांचं सामान. त्यांचा विचार घरच्या गाडीला करूच नका. निओप्रीन मधला मार्ग आहे, तेलाला आणि ओझोनला बरं, पण पिळण्याच्या थकव्याला नैसर्गिक रबराइतकं नाही. जिथे तेल ठिबकतं तिथे त्याआधी तेलाची गळती बंद करावी.

आता जन्मभराचा मुद्दा. या मुलीच्या वडिलांनी, आपल्या पिढीच्या रिवाजाप्रमाणे, गाडीची प्रत्येक पावती फाईलला लावून ठेवली आहे. तिनं ती फाईल मला आणून दाखवली, आणि तीत उत्तर होतं. गाडी त्यांनी १९८८ मध्ये एका कुवेती गृहस्थांकडून घेतली. १९९० च्या ऑगस्टमध्ये, आपल्यातल्या अनेकांप्रमाणे, घर बंद करून ते बायको आणि तान्ह्या मुलीसह अम्मानमार्गे मुंबईला पोचले. पुढच्या वर्षी परत आले तेव्हा इमारतीच्या तळघरात गाडी होती, पण चारही चाकं गेलेली आणि गाडी विटांवर उभी. चाकं आणली, गाडी सुरू झाली, पण वडील म्हणतात की ती पूर्वीसारखी चाललीच नाही. ते बरोबरच होतं. चाकांचं वजन सुटलं की आर्म खाली लोंबतात, आणि बुशमधलं रबर एका टोकाला पुरतं पिळलेल्या अवस्थेत राहतं. तिथं ते महिनोन्‌महिने तसंच राहिलं, वर उन्हाळा. १९९३ च्या पावतीत सगळे बुश बदलल्याची नोंद आहे, मूळ रबराचे. त्यानंतरची नोंद २००७ ची. आणि आता तिसरी वेळ. म्हणजे कुवेतच्या उन्हात, नेहमीच्या वापरात, चौदा वर्षं आणि मग सतरा-अठरा. शेवटची काही वर्षं ती ओढूनताणून काढली हे खरं, पण एवढं टिकणाऱ्या वस्तूला जन्मभराची हमी देणारा पर्याय शोधायचा कशाला?

तिला मी सांगितलं ते असं. पुढच्या खालच्या आणि वरच्या आर्मचे, मागच्या आर्मचे, आणि मागच्या चौकटीचे सगळे रबराचे, मूळ मापाचे घे. स्टॅबिलायझरच्या दांडीला बॉडीशी धरणारे जे रबरी ठोकळे असतात, तिथे पॉली घालायचं असेल तर घाल, तिथे फारसं बिघडत नाही आणि गॅरेजवाल्याचंही मन राहील. पण जे घालशील ते डावीकडे आणि उजवीकडे सारखं. एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला पॉली घातलेली गाडी ब्रेक दाबल्यावर कुठं जाईल ते सांगता येत नाही.

रबर घेताना एक सावधगिरी. डबीबंद जुना माल, तीस वर्षं कपाटात ठेवलेला, कोणी कौतुकानं दिला तर आभार मानून परत करा. रबराचं वय गाडीत बसवल्या दिवसापासून मोजत नाहीत, ते कारखान्यातल्या भट्टीतून बाहेर पडल्या दिवसापासून मोजतात. बऱ्याच साच्यांच्या मालावर घड्याळासारखी छोटी गोल खूण असते, तिच्यात साल आणि महिना असतो. खूण नसेल तर नखानं दाबून पाहा: खळगा पडून लगेच भरून यायला हवा. कडेला वाकवून पाहा, केसासारख्या चिरा दिसल्या तर संपलं. स्वस्त नकलांमध्ये रबर कमी आणि खडूची भुकटी जास्त असते, त्या हाताला जड आणि निर्जीव लागतात. आमच्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचं काम यापेक्षा सोपं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, तिचा बुश गेला की पदपथावरचा मिस्त्री जुन्या टायरचं रबर कापून बसवायचा आणि टॅक्सी पुन्हा धंद्याला लागायची. असल्या वैद्यकीवर त्या गाड्या चालल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवला ऑक्टोबर २००३ मध्ये झाली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेनं ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. पण तुमच्या मर्सिडीजला टायरचा तुकडा घालू नका.

शेवटचं, आणि याच्यापायी चांगले बुश सहा महिन्यांत फाटतात. रबराचा बुश बसवताना गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असतात. मिस्त्री तिथेच बोल्ट करकचून आवळतो आणि मोकळा होतो. मग गाडी खाली उतरली की रबर आधीच अर्धं पिळलेलं, प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळणार. विटांवरच्या गाडीचीच गोष्ट, फक्त उलटी. म्हणून बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडी चारही चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि मगच, शक्यतो खड्ड्यावर किंवा चाकांना उचलून धरणाऱ्या रॅम्पवर, शेवटचं आवळायचं. मिस्त्रीला आधी सांगा, नंतर नाही. लागलीच अलाइनमेंट करून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा.

उन्हाळ्यात दोन महिने भारतात जाताना गाडी जॅकवर किंवा ठोकळ्यांवर उचलून ठेवायची पद्धत काहींकडे आहे, टायर सपाट होऊ नयेत म्हणून. टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा आणि गाडी चाकांवरच ठेवा, सावलीत.

दस्मानच्या गाडीचे बुश जर्मनीहून निघाले आहेत. ते आले की बोल्ट आवळण्याच्या वेळी मी शुवैखला हजर राहणार आहे, वडीलही येतो म्हणालेत, पावती फाईलला लावायला.